गोंधळ कोणाचा? काशीची प्रवासवर्णने किल्लारीतून वाचताना

‘गोंधळ’ हा शब्द आमच्या भागात दोन अर्थांनी चालतो. बसस्थानकावर रेटारेटी झाली, सभेत कोणाचे कोणाला ऐकू येईनासे झाले, की ‘नुसता गोंधळ आहे’ असे म्हणतात. आणि घरात लग्न झाले, की कुळाचार म्हणून गोंधळ घालतात. संबळ आणि तुणतुणे वाजते, दिवटी पेटते, चौक भरून कलश मांडला जातो आणि गोंधळी एकेका देवाला त्याच्या गावासकट हाक मारतो: तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पंढरपूरचा विठोबा. सगळ्यांना बोलावून झाले की आख्यान, आणि शेवटी आरती. भिंतीपलीकडे झोपलेल्या परक्या माणसाला त्यातला फक्त गलबला ऐकू येतो. मांडवात बसलेल्याला मात्र कोणते नाव झाले, कोणते राहिले, हे कळत असते. एकच आवाज एकाला विस्कळीतपणा वाटतो आणि दुसऱ्याला विधी.

दक्षिण आशियातल्या जुन्या शहरांवरची आणि तिथल्या मंदिरांवरची प्रवासवर्णने वाचताना हा शब्द सारखा आठवतो. विशेषतः काशीवरची. काशीविषयी लिहिणाऱ्या बहुतेक प्रवाशांनी गोंधळाची नोंद केली आहे: गल्ल्या, गुरे, घंटा, घाट, चिता, पंडे, निर्माल्याचा चिखल. या नोंदी खोट्या नाहीत. पण त्या शहराविषयी जितके सांगतात, त्याहून अधिक लिहिणारा कुठे उभा होता हे सांगतात. तो भिंतीपलीकडे होता की मांडवात, आणि मांडवात असला तर कोणत्या रांगेत, हा प्रश्न प्रवासवर्णनाच्या समीक्षेत आधी विचारायला हवा. मराठीत काशीविषयी झालेल्या लेखनाला आणि व्यवहाराला हा प्रश्न लावून पाहणे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा प्रश्न मला किल्लारीत बसून पडतो, त्याला कारण आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपानंतर आमचे गाव स्वतःच प्रवाशांच्या लेखनाचा विषय झाले. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. त्यानंतर आलेल्या प्रत्येकाने काही ना काही लिहिले. त्या लेखनात ढिगारे होते, आक्रोश होता, मदतीच्या गाड्यांची गर्दी होती. सगळे खरेच होते. पण ज्याला परका माणूस ढिगारा म्हणत होता, तो गावच्या माणसाला अमक्याचा सोपा, तमक्याची बळद, देवळाकडे जाणारा बोळ असा ओळखू येत होता. दगडमातीत नावे शोधणारा माणूस आणि दगडमातीचे वर्णन करणारा माणूस, या दोघांचे डोळे वेगळे असतात. तो फरक मनात ठेवून काशीकडे वळू.

नकाशा आणि यादी

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय प्रवाशापुढे काशी हा एक कोडे म्हणून उभा राहिलेला मजकूर होता. त्याला दोन प्रकारची उत्तरे दिली गेली.

पहिले उत्तर जेम्स प्रिन्सेपचे. पुढे ब्राह्मी लिपी वाचणारा हा माणूस १८२० ते १८३० या काळात काशीच्या टांकसाळीत धातूची पारख करणारा अधिकारी होता. त्याने १८२२मध्ये शहराचा नकाशा तयार केला, लोकसंख्येची मोजदाद केली, सांडपाण्याच्या निचऱ्याची सोय करण्यात भाग घेतला आणि घाटांची, देवळांची, रस्त्यांची चित्रे काढून ती ग्रंथरूपाने छापली. प्रिन्सेप दहा वर्षे तिथे राहिला, म्हणून त्याची काशी ठसठशीत आहे. चित्रात माणसे आहेत, सण आहेत, घरांचे चौक आहेत. तरीही त्याच्या कामाची ओढ मोजण्याकडे आहे. गल्लीला लांबी-रुंदी मिळाली की ती कळली, असा त्यामागचा विश्वास दिसतो.

दुसरे उत्तर मार्क ट्वेनचे. १८९६मध्ये तो काशीत आला आणि पुढच्या वर्षी छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने काशीवर लिहिले. इतकी देवळे, इतके देव, यांची संगती लागेना, तेव्हा त्याने यात्रेकरूसाठी एक गमतीदार क्रमवारी तयार केली: भुकेपासून रक्षण हवे तर इथे, ताप आला तर तिथे, देवीच्या रोगासाठी अमुक ठिकाणी. विनोद त्याच्या नेहमीच्या धाटणीचा आहे आणि तो आजही हसवतो. पण गंमत अशी, की ज्याची तो थट्टा करतो आहे ती गोष्ट काशीत आधीपासून होती. कुठे आधी जायचे, काय करायचे, कशाने काय मिळते, याच्या तपशीलवार याद्या काशीखंडात आहेत. पंचक्रोशीचा मार्ग ठरलेला आहे. ट्वेनने अव्यवस्थेला व्यवस्था लावून दाखवली असे त्याच्या वाचकाला वाटते. प्रत्यक्षात एक व्यवस्था न दिसल्यामुळे त्याने तिच्या जागी दुसरी रचली. ती मूळ व्यवस्थेच्या इतकी जवळ गेली, हे त्याच्या निरीक्षणशक्तीचे लक्षण मानावे लागेल.

नकाशा काय किंवा यादी काय, दोन्ही कृती मुळात वाईट नाहीत. पण त्यांत ‘मी इथे कोणाचा कोण?’ हा प्रश्न नाही. मराठी प्रवाशाच्या बाबतीत तोच प्रश्न पहिला येतो.

कर्ज, दक्षिणा आणि कावड

विष्णुभट गोडसे हे वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज होते. उत्तरेत मोठी यज्ञकार्ये होणार आणि बायजाबाई शिंद्यांकडून भरघोस दक्षिणा मिळणार, अशी बातमी ऐकून ते १८५७ साली काकांबरोबर निघाले आणि थेट बंडाच्या वणव्यात जाऊन पडले. पुष्कळ वर्षांनी त्यांनी ती हकीकत लिहून काढली. चिंतामणराव वैद्यांनी ती १९०७मध्ये ‘माझा प्रवास’ या नावाने संपादित करून छापली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम असलेली दत्तो वामन पोतदारांची आवृत्ती १९६६ची. या पुस्तकाकडे आपण बहुधा झाशीच्या राणीसाठी जातो. शहर पाहण्याची एक मराठी रीत म्हणून ते फारसे वाचले गेलेले नाही.

गोडसे भटजींची रीत अशी: गावात शिरले की आधी ओळखीचे घर. आपल्याकडचा कोण इथे चाकरीला आहे, कोणाच्या वाड्यात उतरायचे, जेवणाची सोय काय, अनुष्ठान मिळेल का, दक्षिणा किती. त्यानंतर देऊळ, तलाव, बाजार. झाशीतल्या महालक्ष्मीचे देऊळ, तिथली व्यवस्था, राणीचा दिनक्रम हे सारे त्यांनी डोळे भरून पाहिले आणि लिहिले. पण हे पाहणे कामकरी माणसाचे आहे. ‘शहर’ नावाचा एकसंध देखावा त्यांच्यापुढे उभाच राहत नाही. उभी राहतात ती घरे आणि माणसे.

आणि खरा गोंधळ म्हणजे काय, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेले प्रवासी थोडे. एप्रिल १८५८मध्ये झाशी पडली तेव्हा ते शहरात होते. कत्तल आणि जाळपोळ त्यांनी पाहिली, त्यांचे होते नव्हते ते गेले. त्या प्रकरणात त्यांची लेखणी सुटलेली वाटत नाही. कोणत्या दिवशी काय लुटले गेले, हेही ते क्रमाने सांगतात. ज्या माणसाने शहराचा अंत पाहिला, त्याच्याजवळ ‘गर्दी’ आणि ‘विध्वंस’ यांच्यात फरक करण्याची शहाणीव आली. तीर्थक्षेत्रातली दाटी त्याला विध्वंसासारखी वाटण्याचे कारण उरत नाही. आजच्या पर्यटनलेखनात दोन मोटारी समोरासमोर अडकल्या तरी ‘अराजक’ हा शब्द येतो. भटजींच्या हिशेबात तो शब्द इतका स्वस्त नव्हता.

प्रवासाचा शेवट पाहावा. कमावलेली दक्षिणा लुटीत गेली. घरी आली ती गंगेची कावड. त्या पाण्याने त्यांनी आईवडिलांना स्नान घातले. आर्थिक हिशेबाने हा प्रवास फसला, पण भटजींच्या मते तो फसला नाही, कारण ज्या नात्यासाठी निघाले ते नाते पुरे झाले. प्रवासी परत येताना काय आणतो, यावरून त्याने काय पाहिले हे कळते. ट्वेनने परत नेला तो एक उत्तम विनोद. भटजींनी आणले ते पाणी. दोन्हींना किंमत आहे. पण पाण्याची खांद्यावरची कावड सांडू न देता चालायचे, तर वाटेतल्या प्रत्येक गावाशी काही देणेघेणे ठेवावे लागते.

ही कावड मराठी मनात फार आधीपासून आहे. काशीहून रामेश्वराला न्यायचे गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजणाऱ्या एकनाथांची कथा आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या कथेत तीर्थ काशीत नाही आणि रामेश्वरातही नाही. ते वाटेवर आहे.

पैठणहून गेलेली काशी

एकनाथांचे नाव निघाले म्हणून थोडे मागे जाऊ. काशी ही मराठवाड्याला परकी नगरी कधीच नव्हती. पैठणचे रामेश्वरभट्ट सोळाव्या शतकात काशीत जाऊन राहिले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट हे त्या काळच्या काशीतले सर्वमान्य धर्मशास्त्री झाले. विश्वनाथाच्या मंदिराच्या त्या शतकातल्या उभारणीशी त्यांचे नाव जोडलेले आहे. प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्रांवरचा त्यांचा ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ प्रमाण मानला जाई. शिवाजी महाराजांच्या १६७४च्या राज्याभिषेकासाठी आलेले गागाभट्ट हे याच नारायणभट्टांचे पणतू. म्हणजे काशीहून आलेला मोठा पंडित असे आपण ज्यांना म्हणतो, ते मुळातले आपल्याच गोदाकाठचे. एकनाथांनी आपले भागवत पुरे केले तेही काशीत, शके १४९५मध्ये.

अठराव्या शतकात या नात्याला दगडी रूप आले. १६६९मध्ये औरंगजेबाच्या हुकुमाने पडलेल्या विश्वनाथ मंदिराच्या शेजारी आजचे मंदिर १७८०मध्ये अहिल्याबाई होळकरांनी बांधले. दशाश्वमेध घाट पेशव्यांच्या काळात बांधला गेला. अहिल्याबाईंचा घाट आहे, नागपूरकर भोसल्यांचा आहे, शिंद्यांचा आहे. गोडसे भटजींना घराबाहेर काढणाऱ्या त्याच बायजाबाईंनी ज्ञानवापीच्या विहिरीभोवती खांबांचा मंडप उभारला. युरोपीय प्रवाशाने नावेतून पाहिलेली ‘प्राचीन’ काशीची ती प्रसिद्ध रांग पुष्कळशी मराठी सरदारांची आणि त्यांच्या स्त्रियांची, शंभर-दीडशे वर्षांची बांधणी होती. ज्याला तो अनादी गूढ समजत होता, त्याच्या बांधकामाच्या नोंदी पुण्या-इंदूरच्या दप्तरांत होत्या.

ब्राह्मण पंडित आणि सरदार एवढ्यावर हे नाते थांबत नाही. लातूर, औसा, निलंगा या पट्ट्यातल्या लिंगायत घरांना काशी म्हटले की गोदौलियाजवळचा जंगमवाडी मठ आठवतो. पंचपीठांपैकी हे काशीचे पीठ. मुघल बादशहांची फर्माने बाळगणारा हा मठ पर्यटकांच्या वाटेवर क्वचितच येतो. आला तर त्याला दिसतात ती दाटीवाटीने रचलेली, एकावर एक चढलेली, भिंतीकडेला ओळीने लावलेली असंख्य छोटी शिवलिंगे. छायाचित्रासाठी नामी जागा. त्यामागचा रिवाज असा, की गेलेल्या माणसाच्या नावाने इथे लिंग स्थापन करतात. पिंडदानाच्या जागी ही प्रथा आहे.

भूकंपानंतर काही वर्षांनी आमच्या नात्यातल्या एक आजी गावच्या यात्रा-बसमधून काशीला गेल्या. त्यांच्या घरातली दोन माणसे त्या पहाटे गेली होती. त्यांच्या नावाने लिंगे ठेवून त्या आल्या. पुढे गावातले कोणीही काशीला निघाले, की त्या त्याला गाठून म्हणायच्या, ‘‘मठात गेलास तर आमच्या पिंडी कुठं ठिवल्यात तेवढं बघून ये बाबा. दाराच्या उजव्या अंगाला हायत.’’ हजारो सारख्या दगडांत दोन दगड ओळखणे शक्य नाही, हे त्यांना कळत नव्हते असे नाही. पण त्यांच्या लेखी तो ढीग नव्हता. तिथे उजवे अंग होते, दार होते, पत्ता होता. काशीविषयी मी वाचलेल्या कोणत्याही पुस्तकात इतके नेमके प्रवासवर्णन मला सापडलेले नाही.

घरच्याची तक्रार

इथपर्यंतचे विवेचन वाचून कोणी म्हणेल, की परक्याला गोंधळ दिसतो आणि आतल्याला व्यवस्था, असे तुमचे सरळ गणित आहे. ते तसे नाही. आतल्या माणसाने काशीवर केलेली टीका परक्याहून कितीतरी तिखट आहे. फक्त तिची जात वेगळी आहे.

भारतेंदु हरिश्चंद्र हे काशीचेच. त्यांच्या ‘प्रेमजोगिनी’ या अपुऱ्या राहिलेल्या हिंदी नाटकात काशीचे ढोंग, आळस, भोजनभाऊपणा यांची सालटी काढली आहेत. मराठी वाचकाला विशेष वाटावे अशी गोष्ट म्हणजे त्यातल्या एका प्रवेशात काशीतले दक्षिणी ब्राह्मण चक्क मराठीत बोलतात. दीक्षितांच्या बैठकीत विषय चालतो तो जेवणावळीचा आणि दक्षिणेचा. १८७०च्या दशकात एका हिंदी नाटककाराला आपल्या शहराचे खरे चित्र मराठीखेरीज पुरे होणार नाही असे वाटले, आणि ते चित्र आपल्याला मुळीच सुखावणारे नाही. गोडसे भटजींच्या जगाची ही दुसरी बाजू आहे. भारतेंदूंची तक्रार ‘शहर’ या अमूर्त वस्तूविषयी नाही. ती माणसांविषयी आहे, आणि ती माणसे कोण, कुठे बसतात, काय खातात, हे लेखकाला ठाऊक आहे.

गांधीजींचे उदाहरण याहून महत्त्वाचे. विश्वनाथाच्या मंदिरात पहिल्यांदा गेले तेव्हाची निराशा त्यांनी आत्मकथेत लिहून ठेवली आहे: निसरडी अरुंद गल्ली, कुजणारी फुले, दुकानदारांचा कलकलाट. फेब्रुवारी १९१६मध्ये हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात, राजेमहाराजांच्या समोर, त्यांनी याच गल्ल्यांची घाण काढली. वर्णन पाहिले तर ते कोणत्याही गोऱ्या प्रवाशाचे वाटावे. पण त्यांनी प्रश्न विचारला तो स्वतःला आणि श्रोत्यांना: हे मंदिर आपल्याच स्वभावाचे प्रतिबिंब नाही का? ‘त्यांची घाण’ आणि ‘आपली घाण’ यांत वर्णनाचा एकही शब्द बदलावा लागत नाही, तरी वाक्याचा अर्थ बदलतो.

आणि आतल्या माणसाला जी व्यवस्था दिसते, ती कोणाची व्यवस्था, हेही विचारले पाहिजे. काशीतला ओळखीचा वाडा गोडसे भटजींसाठी उघडला जाई; तो सगळ्यांसाठी उघडत नव्हता. स्वातंत्र्यानंतर विश्वनाथ मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळाला, तेव्हा करपात्री महाराजांनी वेगळे विश्वनाथ मंदिर उभारले. आपल्याकडे काळाराम मंदिरासाठी १९३०पासून सत्याग्रह करावा लागला, पंढरपूरसाठी साने गुरुजींना १९४७मध्ये उपोषण करावे लागले. मांडवात बसलेल्याला क्रम कळतो हे खरे, पण ज्याला मांडवाबाहेर बसवले त्यालाही तो कळतो, आणि अधिक चांगला कळतो. इरावती कर्व्यांचा ‘परिपूर्ती’तला वारीवरचा लेख म्हणूनच मला आदर्श वाटतो. त्या दिंडीत चालल्या, जेवल्या, हरखल्या. आणि एकाच विठ्ठलाकडे निघालेल्या माणसांच्या चुली जातीजातीने वेगळ्या का, हेही त्यांनी नोंदले. आपुलकीने चालणाऱ्या माणसाने प्रश्न विचारणे थांबवायचे नसते, आणि प्रश्न विचारणाऱ्याने चालणे.

मराठी समीक्षेत हा वाद एकदा चांगला रंगला होता. अरुण कोलटकरांची ‘जेजुरी’ १९७६मध्ये इंग्रजीत आली, १९७७मध्ये तिला राष्ट्रकुल पुरस्कार मिळाला. भालचंद्र नेमाड्यांनी तिच्यावर आक्षेप घेतला, की ही सुट्टीत जेजुरी पाहायला गेलेल्या पर्यटकाची नजर आहे. आक्षेपात तथ्य आहे. त्या कवितांचा निवेदक खंडोबाचा कोणी लागत नाही. तो सकाळी येतो, संध्याकाळी गाडीची वाट पाहतो. पण नेमाड्यांना एक गोष्ट पुरेशी मोजावीशी वाटली नाही असे माझे मत आहे. कोलटकरांचा निवेदक स्वतःच्या परकेपणावर पांघरूण घालत नाही. मोडक्या दारापुढे, पडक्या देवळापुढे तो थांबतो, आणि आपल्याला काय कळत नाही ते कळू देतो. पर्यटक असणे हा दोष नव्हे. पर्यटक असून यजमान असल्याचे भासवणे हा दोष.

वर्णन आराखडा होते तेव्हा

हे सगळे पुस्तकांपुरते राहिले असते, तर समीक्षकाने रसग्रहण करून विषय मिटवला असता. पण प्रवाशाचे मत पुस्तकात राहत नाही. ‘इथे नुसता गोंधळ आहे’ या वाक्याचे पुढचे वाक्य बहुधा ‘हे साफ केले पाहिजे’ असे असते, आणि कधीतरी ते वाक्य म्हणणाऱ्याच्या हातात नकाशा आणि अधिकार दोन्ही असतात.

१३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ धामाचे उद्घाटन झाले. पूर्वी सुमारे तीन हजार चौरस फुटांत कोंडलेला मंदिराचा परिसर सुमारे पाच लाख चौरस फुटांचा झाला. मंदिरापासून गंगा मोकळी दिसू लागली. अहिल्याबाईंचा पुतळा तिथे उभा राहिला. त्यासाठी तीनशेहून अधिक घरे, दुकाने, वाडे विकत घेऊन पाडण्यात आले, आणि त्या घरांच्या पोटात दडलेली चाळीसवर लहानमोठी देवळे उजेडात आली. वयस्क यात्रेकरूची सोय झाली, चेंगराचेंगरीची धास्ती कमी झाली. ज्याने त्या गल्लीत श्वास कोंडून रांग लावली आहे तो याला सहज नाकारणार नाही. पण गल्ल्यांत राहणाऱ्यांसाठी ती घरे परिसर नव्हती, पत्ते होते. पंढरपुरात अशाच धर्तीच्या मार्गिकेच्या आराखड्यावरून मंदिराभोवतीचे रहिवासी आणि व्यापारी विरोधात उभे राहिले आहेत. त्यांचे म्हणणे ऐकताना मला आमचे गाव दिसते.

किल्लारीचा माणूस अरुंद बोळांचे गोडवे गाऊ शकत नाही. १९९३मध्ये माणसे मेली ती मुख्यतः घरांमुळे. मातीत रचलेल्या दगडाच्या रुंद भिंती, वर जड मातीचे माळवद. ते अंगावर आले, आणि बोळांत ढिगारे पडल्यामुळे बाहेर पडायला, आत शिरायला वाट राहिली नाही. जुन्या गावठाणाच्या रचनेत जातीची उतरंड होती, हेही विसरता येत नाही. तेव्हा दुसऱ्या जागी, मोकळ्या रानात, सरळ रस्त्यांची गावे वसवायची हा निर्णय कोणी लहरीने घेतला नव्हता. बावन्न गावे पूर्णपणे उठून नव्या जागी गेली. जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची घरे ठरली. कागदावर ते सुबक होते. पण त्या आराखड्यात मोजता येणाऱ्या गोष्टी आल्या, आणि भावकी, शेजार, पारावरची बैठक, बाईला बाईशी बोलता यावे इतके दोन उंबऱ्यांतले अंतर, या गोष्टी मोजता येत नसल्यामुळे राहिल्या. रुंद रस्त्यांवर सावली नव्हती. म्हातारी माणसे आपल्याच गावात रस्ता चुकायची, कारण सगळ्या ओळी सारख्या होत्या. जुन्या बोळांत कधी कोणी चुकले नव्हते. परक्याला जिथे गोंधळ वाटत होता तिथे आम्हाला वाट सापडत होती, आणि परक्याला जिथे शिस्त दिसली तिथे आमची वाट हरवली. नव्या गावाने माणसे वाचवली, पुढेही वाचवील. भूकंपाच्या माणसाला हे सांगावे लागत नाही. पण मोडकळीला आलेली भिंत आणि तिच्या दोन्ही बाजूंनी चालणारे बोलणे, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली पाडताना दुसरी वाचवायची असेल, तर आराखडा काढणाऱ्याने आधी नावे विचारली पाहिजेत. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याकडूनही अपेक्षा एवढीच आहे.

जागा

मराठीत ‘गेलं काशीत’ म्हणजे वाया गेले. आणि काशीला जाऊन येणे म्हणजे जन्माचे सार्थक. गोंधळ या शब्दासारखीच काशीचीही आपण ही दुहेरी सोय करून ठेवली आहे. भाषेला बहुधा माहीत असते, की बाहेरून आणि आतून एकच गोष्ट सारखी दिसत नाही.

नारायणभट्टांच्या ‘त्रिस्थलीसेतु’तला एक निर्णय मला त्या दृष्टीने फार मोलाचा वाटतो. परकीय सत्तेच्या काळात विश्वेश्वराचे मूळ लिंग हलवले गेले, त्या जागी दुसरे बसवले गेले, तर यात्रेकरूने काय करावे? पैठणच्या या धर्मशास्त्र्याने सांगितले, की जे लिंग असेल त्याची पूजा करावी, आणि लिंगच नसेल तर त्या जागेला प्रदक्षिणा आणि नमस्कार करावा. देऊळ उभे आणि पडलेले पाहिलेल्या शहरात राहून दिलेला हा निर्णय आहे. नावेतून पाहणाऱ्याला मोकळी जागा ही मोकळी जागाच दिसेल.

दरवर्षी ३० सप्टेंबरला जुन्या किल्लारीत स्मृतिस्तंभापाशी मानवंदना होते. पोलीस हवेत बंदुकीच्या फैरी झाडतात, पुढारी फुले वाहतात, छायाचित्रे निघतात. गर्दी पांगली की काही माणसे मागे राहतात आणि झुडपांतून आत चालत जातात. तिथे भिंत नाही, उंबरा नाही. बाहेरून आलेल्या माणसाला वाटेल, ही माणसे रानात भलतीकडेच फिरताहेत. ती वळतात, दोन पावले जातात, पुन्हा वळतात, आणि एका जागी चपला काढून उभी राहतात.